पिवळी गोळी कधी द्यायची?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, आणि मा. अध्यक्ष, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण, यांस



मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं बाळंतपणं करते आहे. हे पत्र मी एका प्रश्नापायी लिहिते आहे. गेल्या उन्हाळ्यात एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीने तो मला विचारला. उत्तर मला ठाऊक होतं, पण तिच्या तोंडावर ते सांगायचं धाडस झालं नाही. तिला सांगू शकले नाही ते आपल्याला सांगते. तिची ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.

ती ऊसतोडीची. दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर टोळीत कारखान्याला गेली. तिथे फडावर असतानाच दिवस राहिले. गुढीपाडव्यानंतर गावी परतली तेव्हा चौथा महिना लागला होता. आशाताईंनी दुसऱ्याच दिवशी तिचं नाव नोंदवलं, उपकेंद्रातल्या सिस्टरांनी वजन आणि रक्त तपासून लाल गोळ्या दिल्या. कुणी कामात कुचराई केली असं मला म्हणता येणार नाही. सोनोग्राफीसाठी तालुक्याला यायला मात्र सहावा उजाडला. पोट महिन्यांच्या मानाने मोठं दिसत होतं, पाणी वाढलेलं होतं. मी मशीन लावलं. हृदयाचे ठोके छान होते, पाय हलत होते. चेहऱ्याकडे आले आणि थांबले. भुवयांच्या वर काहीच नव्हतं. कवटीची कमान नाही, तिच्या आत दिसायला हवा तो मोठा मेंदू नाही.

याला आम्ही अ‍ॅनेनसेफली म्हणतो. मराठीत अमस्तिष्कता असा शब्द आहे, पण आजवर एकाही नातेवाइकाला तो समजल्याचं मला आठवत नाही. मी त्यांना सरळ सांगते की बाळाच्या डोक्याची कवटी आणि मेंदू तयारच झालेला नाही. पोटात आईच्या जिवावर ते वाढतं, लाथा मारतं. जन्माला आलं तर श्वास घेऊ शकतं, कारण खालचा मेंदूचा देठ बहुधा असतो. पण असं बाळ एक तर मेलेलं जन्मतं, नाही तर काही तासांत, फार तर काही दिवसांत जातं. त्यावर कुठेही, कुठल्याही देशात उपचार नाही.

सासू बाजूलाच उभी होती. ती सुनेला म्हणाली, "गिराणात काही चिरलंबिरलं का गं?" मी तिला गप्प केलं. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे दहा वेळा सांगितलं. मुलगी तोवर काही बोलली नव्हती. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, मी तर एक बी गोळी चुकविली नाही. मग असं कसं झालं?"

तिच्या पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटं होती. ती तिने मला काढून दाखवली.

आता उत्तर. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्यापासून बनतो ती मज्जानलिका आधी एका उघड्या पन्हळीसारखी असते. पन्हळीच्या दोन्ही कडा वर येऊन मिटतात आणि नळी तयार होते. डोक्याकडचं तोंड गर्भ राहिल्यापासून साधारण पंचविसाव्या दिवशी मिटतं, कमरेकडचं अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास. वरचं तोंड उघडं राहिलं तर अ‍ॅनेनसेफली, खाली कुठे राहिलं तर मणक्याची फट, म्हणजे स्पायना बायफिडा. अठ्ठावीस दिवस म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे. तेवढ्यात कित्येकींना आपल्याला दिवस गेल्याचा संशयसुद्धा आलेला नसतो. फडावर पहाटे चारला उठून कोयता चालवणाऱ्या बाईची पाळी पुढे-मागे होते, ती मोजत बसत नाही. आशाताईंच्या पिशवीतल्या निश्चय किटने तपासणी झाली तरी तोवर नळी एक तर मिटलेली असते, नाही तर कायमची उघडी राहिलेली असते.

त्या मुलीने एकही गोळी चुकवली नव्हती, हे खरंच होतं. आपण तिला पहिली गोळी दिली ती सगळं घडून गेल्यावर जवळजवळ दोन महिन्यांनी. लाल गोळीतलं लोह तिच्या रक्ताला उपयोगी पडलं. बाळाच्या डोक्यासाठी हवं होतं ते फॉलिक अ‍ॅसिड दिवाळीत, ती ट्रॅक्टरमध्ये बसून निघाली तेव्हा, तिच्या अंगात असायला हवं होतं.

फॉलिक अ‍ॅसिडचा हा गुण काही नवा नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सात देशांतल्या तेहतीस केंद्रांवर चाचणी घेतली आणि १९९१ साली तिचे निष्कर्ष आले. ज्यांचं आधीचं बाळ असं गेलं होतं त्या बायकांनी गर्भ राहण्याआधीपासून रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घेतलं, तर पुन्हा तसं होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुढच्याच वर्षी हंगेरीतून आधी असं बाळ न झालेल्या बायकांबद्दलही तसाच पुरावा आला. तेव्हा मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होते. शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, ती वही अजून माझ्याकडे आहे.

त्याही मागे गेलं तर ही गोष्ट मुंबईची आहे, आणि प्रत्येक आरोग्य मंत्र्याला ती माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर गर्भवतींचा पंडुरोग अभ्यासायला मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका बाळंतपणाच्या सुमारास पांढऱ्याफटक पडून मरत होत्या. परळच्या हाफकिन संस्थेतल्या कामातून तिला आढळलं की यीस्टचा स्वस्तातला अर्क, मार्माइट, दिला की त्यांचं रक्त भरून येतं. १९३१ साली तिने ते छापलं. अर्कातला तो अनामिक घटक बरीच वर्षं विल्स फॅक्टर म्हणून ओळखला जाई. १९४१ मध्ये अमेरिकेत तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून त्याचं नाव फॉलिक अ‍ॅसिड पडलं. तो कारखान्यात बनवण्याची रीत १९४५ साली ज्या चमूने शोधली, तिचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे हे औषध गिरणगावातल्या बायकांच्या रक्तात पहिल्यांदा ओळखलं गेलं आणि आपल्याच माणसाच्या हाताखाली तयार झालं. आज ती बारीक पिवळी गोळी माझ्या दवाखान्याशेजारच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीला मिळते.

आणि तरीही भारतात दर हजार जन्मांमागे साडेचार बाळांना मज्जानलिकेचा दोष असतो. हा आकडा पुणे विद्यापीठातल्या डॉ. अनिता कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातले अभ्यास एकत्र करून २०१३ साली मांडला.

मा. मंत्रिमहोदय, आपल्या खात्याला हे माहीत नाही असं मी म्हणत नाही. २०१८ पासून चालू असलेल्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या प्रत्येक स्त्रीने आधीपासून पहिल्या तिमाहीपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड घ्यावं. कागद बरोबर आहे. पण ही गोळी कुणाच्या हातून, कुठल्या दिवशी, कुठल्या नोंदवहीत खूण करून द्यायची, हे ठरलेलं नाही, म्हणून ती कुणीच देत नाही. शाळेतली मुलगी आठवड्याची रक्तवाढीची निळी गोळी खाते. शाळा सुटते, लग्न होतं, निळी गोळी थांबते. पुढची गोळी मिळते ती गर्भवती म्हणून नाव लागल्यावर. या दोन गोळ्यांच्या मधली वर्षं, म्हणजे नेमकी ज्या वर्षांत मूल राहतं ती, प्रत्यक्षात मोकळीच राहतात. २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यातल्या तीस आजारांच्या यादीत पहिलं नाव मज्जानलिकेच्या दोषाचं आहे. पण तो कार्यक्रम बाळ जन्मल्यावर सुरू होतो, आणि हे बाळ तोवर हातचं गेलेलं असतं.

मला नवी योजना नको आहे. प्रत्येक आशाताईंकडे पात्र जोडप्यांची यादी असते. कोणाचं लग्न कधी झालं, किती मुलं, तांबी बसवली का, निरोध दिले का, सगळं तिच्यात असतं. आजवर आपण ती यादी मूल होऊ नये यासाठी वापरली. तिच्यात एकच रकाना वाढवा, पिवळ्या गोळीचा. लग्न झालेल्या प्रत्येक मुलीला, जी पाळणा लांबवायचं साधन वापरत नाही तिला, रोज एक गोळी आणि तीन महिन्यांची पाकिटं घरपोच. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी होते तिथेही पहिलं पाकीट देता येईल. आणि ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, टोळीतल्या तरुण बायकांना सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. मुकादमाला उचल कधी वाटायची ते बरोबर माहीत असतं. आपल्याला त्याच आठवड्यात गावात पोहोचायचं आहे. फिट्सच्या गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, घेणाऱ्या किंवा लग्नाआधीपासून साखरेचा आजार असलेल्या मुलींना या दोषाचा धोका अधिक असतो. त्यांना डॉक्टरकडे आधी पाठवायचं आहे, हेही त्याच यादीत लिहिता येईल.

दुसरी गोष्ट मला फार सलते. ज्या बाईचं एक बाळ असं गेलं तिला पुढच्या खेपेचा धोका इतर बायकांपेक्षा कितीतरी पट असतो, आणि तिच्यासाठी जास्त मात्रेची गोळी सिद्ध झालेली आहे. पण गर्भपात झाला की माता नोंदवहीत तिच्या नावापुढे 'गर्भपात' लिहून ओळ बंद होते. ती पुन्हा दिसते ते पुढच्या वेळी चौथ्या महिन्यात. अशी बाई मी दोनदा पाहिली आहे, दुसऱ्यांदाही तेच बाळ घेऊन आलेली. पहिल्या वेळी तिला घरी सोडताना कागदावर गोळीचं नाव लिहायला कुणाला सुचलं नव्हतं. त्या कागदावर ते छापूनच ठेवा.

आता मा. अध्यक्षमहोदय, आपल्याकडे येते. गोळी कितीही नीट वाटली तरी पोटात राहणारी सगळीच मुलं ठरवून राहत नाहीत. म्हणून अनेक देशांनी फॉलिक अ‍ॅसिड रोजच्या अन्नातच घातलं. अमेरिकेने १९९८ पासून पिठात फॉलिक अ‍ॅसिड घालणं सक्तीचं केलं, १०० ग्रॅमला १४० मायक्रोग्रॅम, म्हणजे किलोला १४००. तिथल्या रोग नियंत्रण केंद्राच्या अंदाजाने त्यामुळे दरवर्षी सुमारे १३०० बाळं वाचतात. आपल्या २०१८ च्या नियमांत पौष्टिक (फोर्टिफाइड) तांदूळ आणि कणकेसाठी किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम धरले आहेत. मी कागद घेऊन हिशोब केला. रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. ते सगळंच्या सगळं पौष्टिक तांदूळ आहे असं धरलं, बाईने एक दाणाही टाकला नाही असं धरलं, तरी महिन्याभरात तिच्या पोटात ३७५ ते ६२५ मायक्रोग्रॅम जातात. गरज आहे रोज ४०० ची. महिन्याच्या तांदळातून एका दिवसाची, फार तर दीड दिवसाची गरज भागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पौष्टिक तांदळाची योजना डिसेंबर २०२८ पर्यंत वाढवायला मंजुरी दिली. ती रक्तवाढीसाठी आखलेली आहे, हे मला समजतं. पण तिच्यातून मज्जानलिकेचे दोष टळतील असा समज कुणी करून घेऊ नये.

शिवाय आमच्याकडची बाई तांदूळ किती खाते? ती ज्वारीची भाकरी खाते, बाजरीची खाते. पीठ गावच्या गिरणीत दळलेलं, त्यात कोण काय मिसळणार? अमेरिकेतही हे घडलं आहे. १९९१ च्या एप्रिलमध्ये टेक्ससच्या ब्राउन्सविल शहरी एकाच रुग्णालयात छत्तीस तासांत अ‍ॅनेनसेफलीची तीन बाळं जन्मली आणि सगळा देश हादरला. पुढे गव्हाच्या पिठात फॉलिक अ‍ॅसिड आलं, पण सीमेवरच्या मेक्सिकन वंशाच्या बायका मक्याच्या पिठाच्या पोळ्या खात. त्या पिठात ते घालायला नुसती परवानगी मिळेपर्यंत २०१६ साल उजाडलं. आपण भाकरी खाणाऱ्या बाईला तितकी वाट पाहायला लावू नये.

भाकरीवरच्या ठेच्यात आणि गव्हाच्या पोळीत, दोन्हींत मीठ असतं. आयोडिनाच्या बाबतीत आपल्या देशाने हे करून दाखवलेलं आहे. कांगड्याच्या खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिठातून आयोडीन देऊन गलगंड कमी होतो हे सिद्ध केलं, आणि २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडिनाचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. मिठात आयोडिनाबरोबर फॉलिक अ‍ॅसिडही घालता येतं आणि ते खाल्ल्याने बायकांच्या रक्तातलं फोलेट चांगलं वाढतं, हे दक्षिण भारतातल्या खेड्यांत करून पाहिलेलं आहे. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अन्न समृद्ध करून हे दोष टाळावेत असा ठराव केला. आता अशा मिठाच्या मोठ्या चाचणीचा निर्णय आपल्या टेबलावर आहे.

एक आक्षेप मी स्वतःच मांडते, कारण तो खरा आहे. आपल्याकडे बी-१२ ची कमतरता भारी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा जो अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक बायकांत बी-१२ कमी होतं. ज्यांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत पुढे इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. आणखी एका अभ्यासात मज्जानलिकेच्या दोषाशी बी-१२ चाही संबंध दिसला. म्हणून नुसतं फॉलिक अ‍ॅसिड ओतून चालणार नाही. दोन्ही एकत्र द्यावं लागेल, गोळीतही आणि अन्नातही. पण हा मुद्दा पुढे करून काहीच न करणं मला मान्य नाही. याज्ञिकांच्या अभ्यासातून दोन्ही द्या हाच धडा निघतो.

सगळं केलं तरी काही बाळं अशी राहतीलच. त्यांच्या आयांसाठी थोडं.

हा दोष बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दिसू शकतो. ग्रामीण रुग्णालयात मशीन असतं, ते चालवणारा डॉक्टर नसतो. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा कडक आहे आणि तसाच राहावा, मी त्यात सूट मागत नाही. माणूस मागते आहे. जानेवारी २०१७ मध्ये मुंबईतल्या एका तरुणीला याच दोषाच्या गर्भासाठी चोविसाव्या आठवड्यात थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं होतं. २०२१ च्या दुरुस्तीने अशा गंभीर दोषांसाठी आठवड्यांची मर्यादा उठली. वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावं असा नियमही झाला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेहतिसाव्या आठवड्यातल्या एका बाईला परवानगी देताना सांगितलं की निर्णयाचा हक्क तिचा आहे, मंडळाचा नाही. माझ्या त्या मुलीला मात्र मंडळासमोर उभं राहून कागद हातात पडेपर्यंत नऊ दिवस लागले. तीच सोनोग्राफी दोनदा झाली. नवरा दर फेरीला उसनवारी करत होता. डोक्याची कवटी आहे की नाही, यावर दोन डॉक्टरांचं दुमत होत नसतं. या एका निदानासाठी जिल्ह्यातच, एका दिवसात निर्णय का होऊ नये?

आणि जिला दिवस पूर्ण भरू द्यायचे असतील तिलाही ते करू द्या. काही आयांना बाळ एकदा हातात घ्यायचं असतं. त्यांना वेगळी खोली द्या. रडणाऱ्या बाळांच्या वॉर्डात त्यांची खाट टाकू नका. तिसऱ्या दिवशी त्यांनाही दूध येतं, हे कुणी त्यांना आधी सांगत नाही. ते थांबवायची गोळी आठवणीने द्या. आणि प्रसूतिगृहात मोबाइलवर बंदी घाला, कर्मचाऱ्यांच्यासुद्धा. अशा बाळाचे फोटो 'विचित्र बालक' म्हणून तासाभरात तालुकाभर फिरतात, ते मी पाहिलं आहे. त्या बाळाला आई असते, आणि तिच्याही घरात मोबाइल असतो.

ती मुलगी श्रावणात पुन्हा आली होती. बाळ मुलगी होती ना, एवढंच तिने विचारलं. हो म्हटलं. मी तिला सांगितलं की यंदा टोळीत जाण्याआधीपासून गोळी सुरू कर, आणि सहा महिन्यांच्या जास्त मात्रेच्या गोळ्या बी-१२ सह घेऊन दिल्या. तिने त्या मिठाच्या रिकाम्या बरणीत भरल्या, झाकण घट्ट लावलं. फडावर कोपीत पाणी गळतं, म्हणाली.

दिवाळीनंतर ती गेली. गर्भवती नाही म्हणून माता नोंदवहीत तिचं नाव नाही, आणि घराला कुलूप म्हणून जोडप्यांच्या यादीत तिच्यापुढे 'स्थलांतरित' लिहिलेलं आहे. पाडव्याला ती परत येईल. तोवर मला आपलं उत्तर मिळालं, तर तिच्या गावच्या आशाताईंना मी ते वाचून दाखवीन.

आपली नम्र,
तालुक्याच्या गावची एक स्त्रीरोगतज्ज्ञ